गवती चहाची कुंडी

“मी भांडत नाही बाप्पा, मी फक्त बरोबर असते.”

हे वाक्य सुहासिनी काकूंनी रूट नाइनवर, लाल सिग्नलला थांबलेल्या गाडीत, मान पूर्ण मागे वळवून आम्हाला ऐकवलं होतं. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला. काकूंनी आधी आमच्या चेहऱ्यांवरून आम्हाला ते पटलं आहे याची खात्री करून घेतली आणि मगच गाडी हलवली. “त्याला कसली एवढी घाई?” ट्रकवाल्याबद्दल त्या म्हणाल्या. “पुढे तलावच तर आहे.”

तलाव होताच. आमचं श्रूजबरी आणि पलीकडचं वूस्टर यांच्या मधे तो लांबट पसरलेला आहे, आणि रूट नाइन पुलावरून तो ओलांडतो. पूल संपला की थोड्याच अंतरावर न्वेबाईंचं हॉटेल. बर्मी जेवणाचं. बोर्डावर इंग्रजीत काहीतरी भारदस्त नाव आहे, पण आमच्यापैकी कुणी ते कधी उच्चारलं नाही. आत सात-आठ टेबलं. न्वेबाई स्वयंपाक करतात आणि त्यांचे यजमान टिन बाहेरचं बघतात. सुहासिनी काकू त्यांना टिनभाऊ म्हणत, म्हणून आम्हीही. टिनभाऊ काकूंना ‘अमा’ म्हणत. त्यांच्यात मोठ्या बहिणीला तसं म्हणतात.

दर गुरुवारी दुपारी काकू आम्हाला तिथे जेवायला नेत. आम्ही म्हणजे ज्यांना गाडी चालवता येत नाही असे लोक. शैला मावशींचा गुडघा दुखायचा आणि मला गाडी कधी जमलीच नाही. बाकी वेळापत्रकाप्रमाणे कुणी ना कुणी: मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील, डोळ्याचं ऑपरेशन झालेले एखादे काका. काकूंच्या राखाडी गाडीत एकच नियम होता. डावीकडे वळताना, म्हणजे इथे समोरून येणाऱ्या गाड्यांची रांग ओलांडताना, कुणी बोलायचं नाही. एरवी काहीही बोला, देवाधर्माचं, जावयाचं, दुखण्याचं. डावा इंडिकेटर टिकटिकू लागला की गाडीत देवळासारखी शांतता व्हायची.

काकू नागपूरच्या, धंतोलीतल्या. वीज मंडळात नोकरी केली. अरुणकाका होते तोवर त्यांच्या स्कूटरवर मागे, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पर्स धरून त्यांनी सगळं नागपूर पाहिलं. ते गेले आणि एकुलता एक मुलगा सुशांत आईला इकडे परदेशात घेऊन आला. तो सॉफ्टवेअरमध्ये, सून हिमानीही सॉफ्टवेअरमध्ये. सकाळी दोघं निघून जायचे, आणि मोठ्या घरात काकू उरायच्या, बाहेर बर्फ. त्या दिवसांबद्दल त्या एकदा म्हणाल्या होत्या, “फ्रीजमधे ठेवल्यासारखं वाटायचं नं. कोणी दार उघडलं की आतला दिवा लागायचा. मग परत बंद.”

फ्रीजमधल्या वस्तूला दिवा कोण लावतं हे ठाऊक असतं; दार आतून उघडता येतं का, याचा शोध घेणारी वस्तू विरळा. काकूंनी तो घेतला. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्या ड्रायव्हिंग शिकल्या. परीक्षेत नापास झाल्या, परीक्षकाला तो कुठे चुकला ते समजावून सांगितलं, पुन्हा बसल्या आणि पास झाल्या. लायसन्स मिळालं त्या संध्याकाळी सुशांतला फोन करून म्हणाल्या, “मी भाजी आणायला जाऊन राहिले. तुला काही पाहिजे का?” त्याला काहीच नको होतं. तरी त्या तासभर फिरून आल्या.

पहिल्यांदा न्वेबाईंकडे त्या चुकूनच शिरल्या, पार्किंग सोपं दिसलं म्हणून. टिनभाऊंनी शाकाहारी म्हणून एक ताटली आणून ठेवली. पिवळ्याधमक, जाड वड्या, वर तळलेला कांदा, चिंचेची चटणी. काकूंनी एक तुकडा तोडला आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

“ही तर पाटवडी!”

“टोफू, अमा,” टिनभाऊ नम्रपणे म्हणाले. “आमच्याकडच्या शान लोकांचा टोफू. हरभऱ्याच्या पिठाचा.”

“हरभऱ्याचं पीठ म्हणजे बेसन. बेसन शिजवून ताटात थापलं म्हणजे पाटवडी. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?”

मग काकू उठल्या आणि कुणाला न विचारता सरळ स्वयंपाकघरात गेल्या. न्वेबाई कढईसमोर उभ्या होत्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, केसात फूल. काकूंनी त्यांना मराठीत सांगितलं की यात हिंग नाही, जिरं नाही, आणि रश्शाशिवाय हे असं कोरडं देणं म्हणजे अन्याय आहे. न्वेबाईंना इंग्रजीही जेमतेम येतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बर्मीत सविस्तर उत्तर दिलं. काकू म्हणाल्या, “तेच तर म्हणते मी.” तिथून ती मैत्री सुरू झाली. सात वर्षं त्या दोघी अशाच बोलत आल्या, एक मराठीत, एक बर्मीत, आणि दोघींनाही दुभाष्याची गरज पडल्याचं मला आठवत नाही. पुढच्या गुरुवारी काकू डब्यातून खरी पाटवडी आणि रस्सा घेऊन गेल्या. न्वेबाईंनी चाखलं, डोळे मिटले, आणि मग चिमूटभर काहीतरी त्यात टाकलं. काकूंना ते फार लागलं. “माझ्या रश्शात साखर!” असं त्या परतीच्या वाटेवर पूल संपेपर्यंत म्हणत होत्या. त्यानंतर मात्र त्यांच्या घरच्या रश्शात साखर पडायला लागली, हे हिमानीने आम्हाला हळूच सांगितलं.

परतताना न्वेबाई दर वेळी त्यांना डबा भरून देत, आणि काकू दाराबाहेरच्या मोठ्या लाकडी कुंडीतून गवती चहाची पाती कापून घेत. उन्हाळाभर ती कुंडी बाहेर असायची, शेजारी एक बाक. थंडी पडली की टिनभाऊ कुंडी आत ओढून नेत.

त्या सप्टेंबरातल्या गुरुवारी ऊन छान होतं. जेवण झालं. शैला मावशींना चालायला लागू नये म्हणून काकू गाडी दारापाशी आणायला गेल्या. आम्ही आत बिलाची वाट बघत होतो. मोठा आवाज झाला. बाहेर येऊन पाहतो तर गाडीची पुढची दोन चाकं फुटपाथवर, कुंडीच्या फळ्या चहूकडे, आणि बाक भिंतीला जाऊन टेकलेला. बाकावर माती आणि गवती चहा. सगळीकडे त्याचा वास.

काकूंनी काच खाली केली.

“ही कुंडी इथे कोणी ठेवली?”

कुणाला खरचटलंही नव्हतं. टिनभाऊ धावत आले, काही नाही, काही नाही म्हणाले, झाडूही स्वतःच घेऊन आले. न्वेबाई दारात उभ्या होत्या, दोन्ही हातांत काकूंचा डबा धरून. त्यांनी तो शैला मावशींच्या हातात दिला आणि आत गेल्या.

गाडीला एक पोचा पडला होता. तो त्या संध्याकाळी सुशांतला दिसला.

“आई, किल्ली दे.”

“कशाची?”

“आई, यार, प्लीज. गाडीची. एनफ आता. पॅडल चुकलं ना तुझं?”

“कुंडी फुटली म्हणून गाडी सोडू? कप फुटला तर चहा सोडते का मी? गेल्याच वर्षी लायसन्स रिन्यू झालं. डोळे तपासले त्यांनी. तुझ्यापेक्षा चांगले आहेत.”

हिमानी पुण्याची. ती शांतपणे म्हणाली, “आई, ती कुंडी चार वर्षं त्याच जागी आहे हो.”

“मग चार वर्षं चुकीच्या जागी आहे.”

हे सगळं आम्हाला काकूंनीच फोनवर, प्रत्येकाला वेगवेगळं, दोन्ही बाजूंचे आवाज काढून सांगितलं. शेवटी प्रत्येकाला विचारलं, “आता तूच सांग.” आम्ही सगळे त्यांच्या बाजूने बोललो. शैला मावशींना सोमवारी डॉक्टरकडे जायचं होतं. मला लायब्ररीत. मागच्या सीटवरच्या माणसाला मत नसतं, त्याला फक्त पत्ता असतो.

पण किल्ली गेली तर काकूंचं काय होणार, हे आम्हाला कळत होतं. फ्रीजचं दार पुन्हा बाहेरूनच उघडणार होतं. आणि काकूंना ते आमच्याआधी कळलं होतं. म्हणूनच त्यांनी मुलापुढे तोडगा ठेवला.

“टिनभाऊला विचारू. त्यांची कुंडी, त्यांचं हॉटेल. ते म्हणतील मी चुकले, तर त्या क्षणी किल्ली देते. ते म्हणाले कुंडी चुकली, तर तू हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

सुशांत हसला. “आई, दॅट्स फिक्सिंग! टिन अंकल कुणाला तोंडावर काही बोलतात का? सात वर्षं तू त्यांच्या किचनमध्ये हिंग टाकतेयस.”

“मग? आवडतो त्यांना हिंग.”

टिनभाऊंना हिंग सोसत नाही हे सगळ्या श्रूजबरीला माहीत होतं. त्यांच्या घरचा रिवाजच तसा. समोरच्याचं मन दुखेल असं बोलायचं नाही, वाईट बातमी असली तर हसून विषय चहावर न्यायचा. काकूंनी न्यायाधीश विचार करून निवडला होता. तरी सुशांत तयार झाला. रोजच्या वादाने तो थकला होता, आणि मला वाटतं, आत कुठेतरी आईने जिंकावं असंही त्याला वाटत असावं.

पुढच्या गुरुवारी त्याने सुट्टी घेतली आणि आम्हाला तोच घेऊन गेला. काकू आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत मागे बसल्या आणि पूर्ण रस्ता त्याला गाडी शिकवत राहिल्या. “इंडिकेटर आधी दे. आता दे. दिलास का?” शैला मावशी माझ्या कानात म्हणाल्या, “डावं वळण आलं तरी ह्या बोलतायत बघ.”

कुंडी दुरुस्त झाली होती. टिनभाऊंनी फळ्यांना पत्र्याची पट्टी ठोकली होती आणि गवती चहा पुन्हा लावला होता, जरा केविलवाणा. बाक जागेवर होता.

दुपारची गर्दी ओसरलेली. आम्ही जेवलो, नारळाच्या रश्शातल्या शेवया, वर लिंबू आणि तळलेल्या कुरकुरीत शेवया. काकूंनी, स्वतःच्या मते कमी पडलेलं, लिंबू शैला मावशींच्या वाटीत पिळलं. मग पदर सारखा करून टिनभाऊंना बोलावलं.

“भाऊ, बसा. एक केस आहे.”

टिनभाऊ बसले. पोरं घाबरून मास्तरांपुढे बसतात तसे खुर्चीच्या कडेवर. काकूंनी सगळी केस मांडली, आपल्या नागपुरी इंग्रजीत, न अडखळता. सुशांतने एकच वाक्य टाकलं, “अंकल, जस्ट बी ऑनेस्ट, ओके?”

टिनभाऊंनी आधी चहा आणू का विचारलं. मग हवा छान पडलीय म्हणाले. मग टेबलावरचा डाग बोटाने पुसत म्हणाले, “अमा, कुंडी फार पुढे होती. चूक माझी. सॉरी.”

“ऐकलंस?” काकू सुशांतला म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा उजळला की शैला मावशींनी टाळीच वाजवली.

“सोमवारी किती वाजता निघायचं गं?” काकूंनी त्यांना लगेच विचारलं.

“साडेदहाला पोचायचंय.”

“मग दहाला तयार राहा.”

तेवढ्यात न्वेबाई बाहेर आल्या. त्यांनी एक गोल, काळ्या-लाल लाखेचा डबा आणून टेबलाच्या मधोमध ठेवला. आपल्याकडे पानाचा डबा असतो तसा, आत खण. मधल्या खणात मुरवलेली, काळपट हिरवी चहाची पानं. भोवती शेंगदाणे, तीळ, तळलेला लसूण, वाल. सुक्या कोळंबीचा खण काकूंसाठी रिकामा ठेवला होता.

“वा,” काकू म्हणाल्या. “आज विडा पण.”

न्वेबाई नवऱ्याशी बोलल्या. थोडंसंच, हळू आवाजात. टिनभाऊ मान हलवून नको नको म्हणाले. त्या पुन्हा बोलल्या.

“काय म्हणतात?” सुशांतने विचारलं.

टिनभाऊंनी घसा खाकरला. “आमच्या आजोबांच्या गावी भांडण मिटलं की ही पानं दोघांपुढे ठेवत. दोघांनी खाल्ली म्हणजे निकाल मान्य. मग त्यावर कुणी एक शब्द बोलायचा नाही, कधीच.” ते थांबले. “ती म्हणते, खाऊन टाकू या. संपवू या.”

“म्हणजे आमच्यासारखंच,” काकू म्हणाल्या. “द्या इकडे.”

“आणि ती म्हणते,” टिनभाऊ बायकोकडे न बघता बोलले, “की कुंडी मागच्या अंगणात नेऊ. बाकही. म्हणजे अमाला गाडी वळवायला जागा होईल.”

“बाक काऊन?” काकूंनी विचारलं. “बाकाने काय केलंय?”

टिनभाऊ पुन्हा टेबलावरचा डाग पुसायला लागले. न्वेबाईंनी मात्र ओळखलं काय विचारलंय ते. त्यांनी मांडीवर टोपली धरल्यासारखे हात केले आणि बोटांनी शेंगा मोडल्यासारखं केलं. मग बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं, आणि स्वतःकडे.

आणि आम्हाला आठवलं. म्हणजे आठवलं असं नाही, ते माहीतच होतं. दर गुरुवारी, जेवणाची गर्दी संपली की, न्वेबाई त्या बाकावर बसून उन्हात शेंगा मोडत. सकाळपासून उभ्या असलेल्या बाईची ती एवढीच बैठक. आम्ही जाताना येताना त्यांना तिथे पाहिलेलं होतं, त्यांच्या टोपलीला वळसा घालून गाडीत बसलो होतो. गेल्या गुरुवारपासून आजपर्यंत, फोनवर एवढं बोलणं झालं, त्यात कुणीही बाक रिकामा का होता हे विचारलं नव्हतं.

काकूंनी हातातला चमचा खाली ठेवला. मराठीत विचारलं, “तू कुठे होतीस तेव्हा?”

न्वेबाईंनी बर्मीत उत्तर दिलं. टिनभाऊंनी भाषांतर केलं नाही. पण न्वेबाईंनीच हवेत दोन्ही हातांनी एक डबा धरून दाखवला, झाकण दाबून बसवलं, आणि हसल्या. तुझा डबा द्यायचा राहिला होता ना, म्हणून उठले. असं काहीतरी साधं. तक्रार नव्हतीच त्यात. उलट, किती विसराळू मी, असं स्वतःवरच हसणं होतं.

सुशांत “ओह गॉड” म्हणाला.

मग न्वेबाईंनी स्वतःच डब्यातली चहाची पानं चिमटीत घेतली, चार शेंगदाणे घेतले आणि खाल्ली. त्यांच्या बाजूने निकाल मान्य होता. कुंडी चुकली होती. बाक मागे जाणार होता, जिथे उत्तरेकडची भिंत आहे आणि कचऱ्याचे डबे, आणि ऊन येत नाही. त्यांनी डबा काकूंकडे सरकवला.

काकू जिंकल्या होत्या. त्यांनी फक्त एक चिमूट उचलायची होती, की सोमवारचे साडेदहा त्यांचे, आणि पूल त्यांचा, आणि डावी वळणं.

“खा ना सुहासिनीताई,” शैला मावशी म्हणाल्या. “कडवट असतं जरा, पण चांगलं लागतं.”

काकू डब्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं त्या आता न्वेबाईंना काहीतरी सुनावतील, हे आधी सांगायला काय झालं होतं, असं. टिनभाऊ खुर्चीत आणखी कडेला सरकले.

काकूंनी पर्स उघडली. आत हात घालून रुमाल, चष्म्याचं घर, गोळ्यांची डबी बाहेर काढली, एकेक करून टेबलावर मांडली. मग तळाशी गेलेली गाडीची दुसरी किल्ली सापडली, त्यांची स्वतःची, निळ्या लोकरीचा गोंडा बांधलेली. त्यांनी ती डब्यातल्या रिकाम्या खणात ठेवली. गोंडा बाहेर लोंबत होता, तो आत कोंबला.

“आई,” सुशांत म्हणाला, “अगं, हे असं नको. आपण बोलू ना.”

“अमा, प्लीज,” टिनभाऊ उठून उभे राहिले. “कुंडी खरंच पुढे होती.”

काकूंनी चहाची पानं चिमटीत घेतली. न्वेबाईंनी घेतली होती त्याहून मोठी चिमूट. नीट चावून, कडवटपणाने एक डोळा बारीक करून, त्यांनी ती खाल्ली. वर शेंगदाणे खाल्ले. मग बाकीचं सगळं पर्समधे परत भरलं.

“अहो पण सोमवारी मला कोण सोडणार?” शैला मावशींच्या तोंडून निघून गेलं, आणि आम्ही सगळे, सुशांतसुद्धा, फस्सकन हसलो. न्वेबाईंनाही हसू आलं, काय झालं ते न कळता.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते आम्हा सर्वांना दिसलं. मग त्यांनी दारापाशी ठेवलेली न्वेबाईंची शेंगांची टोपली उचलून न्वेबाईंच्या हातात दिली, त्यांचा दुसरा हात धरला, आणि दार उघडून उन्हात बाहेर निघाल्या, एक शब्दही न बोलता.